ससूनांच्या नातसुनेचा झगा

चाळीस वर्षं मी पुण्यात ब्लाऊज शिवते. माझ्या आईने मशीनवर बसवलं तेव्हा पहिलं बजावलं ते हे, की अस्तर बाहेर दिसता कामा नये. गळ्याशी जरा डोकावलं तरी गिऱ्हाईक कपडा परत आणतं. त्यामुळे २०२४ मध्ये लेकीकडे लंडनला गेले असताना टेट ब्रिटन या कलादालनातल्या चित्रकार जॉन सिंगर सार्जंटच्या प्रदर्शनात एका तैलचित्रापुढून माझा पाय निघेना. काळ्या टाफेटाचा झगा, आणि त्याचं गुलाबी अस्तर मुद्दाम उलटून बाहेर काढलेलं! पाटीवर नाव होतं लेडी ससून, साल १९०७.

ससून म्हणजे आमच्यासाठी दवाखाना. आमच्या घरात कुणाचं दुखणं वाढलं की रिक्षा तिकडेच वळते. बगदादहून येऊन १८३२ मध्ये मुंबईत पेढी थाटणाऱ्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून तो उभा राहिला. ते १८६४ मध्ये पुण्यातच वारले. लाल देवळाच्या, म्हणजे इथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारात त्यांची कबर आहे. थोरला मुलगा अल्बर्ट. कुलाब्याची ससून गोदी त्याची, आणि ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा या भागाला ते नाव पडलं तो पुतळाही मुंबईला त्यानेच दिला. अल्बर्टचा मुलगा एडवर्ड १८५६ मध्ये मुंबईत जन्मला, पुढे लंडनला स्थायिक होऊन पार्लमेंटात गेला. चित्रातली आलीन ही त्याची बायको, पॅरिसच्या रॉथशिल्ड या सावकार घराण्यातली. लग्न १८८७ चं. म्हणजे लाल देवळाच्या आवारात निजलेल्या त्या म्हाताऱ्याची ही नातसून. घराण्याचा पैसा कापसाचा, तसाच चीनला जाणाऱ्या अफूचाही. दवाखान्याबद्दल मनात कितीही कृतज्ञता असली, तरी हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

चित्राशेजारी काचेमागे तोच झगा ठेवला होता. ऑपेराला जाताना वरून घालायचा, चांगला घेरदार. मी काचेला नाक लावून शिवण पाहत राहिले. झगा सरळ लोंबत होता आणि अस्तर जिथल्या तिथे, आत. अंगात घालून बाई कशीही उभी राहिली तरी चित्रातल्यासारखा गुलाबी पट्टा निघायचा नाही. तो सार्जंटने कापड ओढून, गुंडाळून, टाचून काढला होता. लंडनच्या टाइट स्ट्रीटवरच्या आपल्या स्टुडिओत तो कॅनव्हास माणसाच्या शेजारीच उभा करी, लांब मागे जाऊन दोन्हीकडे एकदम पाही आणि झपाझप पुढे येऊन कुंचला लावी. चेहरा मनासारखा उतरला नाही तर सरळ खरवडून काढी. कापडाची अशी जाण मी फार थोड्या कारागिरांत पाहिली आहे. काळ्यावर काळं रंगवताना प्रत्येक घडीची चमक वेगळी. हाताला टाफेटाची सळसळ जाणवते. चित्राच्या त्याच वर्षाच्या, १९०७ च्या, सुमारास त्याने अशी मागणीची व्यक्तिचित्रं घेणं जवळजवळ बंद केलं. आलीन त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये गेली.

पण त्या सगळ्यातून मला ती बाई दिसली. निमुळता चेहरा, लांब बोटं, आणि इतकं ओढूनताणून बसवलेलं कापड अंगावर सांभाळत धरलेला तोल.

लेकीच्या घरी परतल्यावर मला राहवेना. तिची काळी ओढणी आणि उशीचा गुलाबी अभ्रा उसवून दोन्ही एकत्र टाकले, तिला खिडकीपाशी उभी केली आणि टाचू लागले. अकरा टाचण्या लागल्या. तरी तिचा डावा हात बोटभर खाली आला की गुलाबी मिटून जाई. ‘आई, श्वास तरी घेऊ दे,’ ती म्हणाली. घड्याळात पाहिलं तर जेमतेम दहा मिनिटं झाली होती.