सावधगिरीचे अवतरण (लष्करी हेलिकॉप्टर)

इंधन धोक्याच्या पातळीवर येताच, इंजिने चालू असतानाच, वैमानिकाने जवळच्या सुरक्षित जागी हेलिकॉप्टर उतरवणे. इंजिन बंद पडल्यावरही ऑटोरोटेशनने (खालून येणाऱ्या हवेने पंखा फिरत राहून) उतरता येते, हा आक्षेप अपुरा आहे. त्यासाठी पुरेशी उंची किंवा वेग लागतो आणि संधी एकदाच मिळते. अमेरिकी लष्कराच्या नियमांतही हेलिकॉप्टरच्या दृश्य-उड्डाणासाठी २० मिनिटांचे राखीव इंधन बंधनकारक आहे. ग्लासगो येथे २०१३ मध्ये पोलिसांच्या हेलिकॉप्टरने इंधनाचे इशारे मिळूनही उड्डाण चालू ठेवले. दोन्ही इंजिने बंद पडून १० जणांचा बळी गेला. शत्रुप्रदेशात उतरणे घातक ठरू शकते, हे खरे. परंतु इंधन संपल्यावर जागा निवडण्याचीही मुभा उरत नाही. त्यामुळे वेळीच उतरणे हे मोहिमेचे अपयश नसून सहकाऱ्यांचे प्राण वाचवणारा जबाबदार निर्णय होय.