बार्शीची कर्करोग नोंदणी आणि ग्रामीण रुग्ण : एक ऐतिहासिक अवलोकन

भारतातील कर्करोग-उपचारांचा इतिहास सामान्यतः मुंबईतील परळपासून सुरू केला जातो. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. हे रुग्णालय साऱ्या देशाचे झाले हे खरे. परंतु देशाने तेथवर यावयाचे होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणारे परगावचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक हे या व्यवस्थेचेच एक अंग होय. जे दादरपर्यंतही पोहोचू शकले नाहीत, त्यांची नोंद मात्र कोठेच होत नव्हती.

मुंबईत १९६३ मध्ये भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातील रुग्ण कोणत्या ना कोणत्या रुग्णालयात येतोच, हे तिचे गृहीतक होते. ग्रामीण भागात ते टिकणे शक्य नव्हते. म्हणून १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिची पद्धतच वेगळी ठेवावी लागली. डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कार्यात बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावोगावी कर्मचारी फिरत, लक्षणांविषयी लोकांशी बोलत आणि संशयित रुग्णास तपासणीसाठी येण्यास उद्युक्त करीत.

या नोंदणीतील कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या तुलनेत बरेच कमी आढळले. त्यावरून खेडे सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. रोग होणे आणि रोगातून वाचणे या भिन्न बाबी आहेत. येथील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. वेळीच निदान झाल्यास तो बरा होऊ शकतो. नोंदणी सुरू झाल्यानंतर थोड्याच वर्षांत, पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत उपचारास येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कोणतेही नवे यंत्र गावात गेले नव्हते. माणसे गेली होती. मोजणीसाठी आखलेली पद्धत अशा रीतीने उपचाराची पहिली पायरी ठरली.

या अनुभवाच्या आधारे तत्कालीन उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडण्यात आले. तीन गटांत प्रत्येकी एका पद्धतीने तपासणी झाली. चौथा गट नेहमीच्या आरोग्यव्यवस्थेवर सोपविण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांमध्ये ६४.

या चौथ्या गटावरून पुढे नैतिकतेचा वाद झाला, आणि तो रास्तही होता. तथापि वादात एक गोष्ट काहीशी मागे पडली. त्या गटाला मिळालेली 'नेहमीची व्यवस्था' अभ्यासकांनी निर्माण केलेली नव्हती. लक्षणे कोणती व उपचार कोठे मिळतील, एवढी माहिती त्या स्त्रियांना देण्यात आली होती. अभ्यासाबाहेरच्या असंख्य गावांत तेवढेही सांगणारे कोणी गेलेले नव्हते.