मराठी बालपुस्तकातील चित्र : अलंकारापासून आशयापर्यंत

प्रस्तावना

बालवाङ्मयाच्या इतिहासात लेखक, अनुवादक आणि संपादक यांची नोंद साक्षेपाने घेतली जाते. चित्रकाराची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः अक्षरओळख न झालेले मूल पुस्तक हाती घेते तेव्हा ते प्रथम चित्रच वाचते. त्या चित्रात त्याला कोणाचे घर, कोणाचे अंगण आणि कोणती माणसे दिसतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ सजावटीचा नाही. मराठी बालपुस्तकातील चित्राचे स्थान कसकसे बदलत गेले आणि त्या बदलात मुद्रणाच्या खर्चाचा वाटा किती होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभकाळ : शब्दाचे प्राधान्य

सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ साली प्रसिद्ध झाली. ‘बाळमित्र’चे मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथात होते आणि ते इंग्रजीच्या द्वारे मराठीत आले. पुढे ‘बालबोधमेवा’ (१८७३), विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ (१८८१) आणि वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ (१९०६) ही मासिके निघाली. ज्ञान व नीती यांचा संस्कार हे या परंपरेचे प्रमुख प्रयोजन असल्याने तिचा भार शब्दावरच राहिला.

यथावकाश शब्दाला स्वतःची भूमी सापडली. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये कोकणातील घर अवतरले, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आला. चित्राला असे स्वतःचे गाव मिळण्यास मात्र विलंब लागला.

चित्राचे अर्थकारण

या विलंबाचे एक महत्त्वाचे कारण मुद्रणतंत्रात आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात रेषाचित्रासाठी जस्ताचा ठसा करून घ्यावा लागे आणि त्याचे मूल्य आकारमानावर ठरे. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा स्वतंत्र ठसा व स्वतंत्र छपाई लागे. मर्यादित खपाच्या प्रकाशकाने मुखपृष्ठ रंगीत करावे आणि आत मोजकी एकरंगी चित्रे द्यावीत, हा व्यवहार त्यातून स्वाभाविकपणे रूढ झाला.

रंगीत चित्रांचा खर्च भागविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे एकच चित्र अनेक भाषांत वापरणे. मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’ची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली. नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘नेहरू बाल पुस्तकालय’ मालेतही चित्रे तीच ठेवून केवळ मजकूर भाषेनुसार बदलला जाई. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांमुळे मराठीत आलेल्या सोव्हिएत बालपुस्तकांनी अल्प किमतीत उत्तम रंगचित्रे मुलांच्या हाती दिली. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांतील शब्द मराठी झाले तरी चित्रातील घर मद्रासचे वा मॉस्कोचेच राहिले.

या स्थितीत शासकीय आश्रयाने एक पर्याय निर्माण केला. १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’ने १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. खर्चाचा भार संस्थेने उचलल्यामुळे मराठी चित्रकारांना मुलांसाठी सातत्याने काम करण्याचे एक व्यासपीठ लाभले.

एकाच हातातील शब्द व चित्र

या प्रवासातील पुढचा टप्पा माधुरी पुरंदरे यांच्या कार्यात दिसतो. १९५२ साली जन्मलेल्या पुरंदरे यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलामहाविद्यालयात कलाशिक्षण घेतले व पुढे फ्रान्समध्ये अध्ययन केले. ‘राधाचं घर’ या पुस्तकसंचात त्यांनी कथा व चित्रे दोन्ही रचली. आई, बाबा, आजी, आजोबा यांच्यासह चाललेले साधे घरगुती जीवन हाच त्याचा विषय. जे चित्रात दिसते ते शब्दांनी पुन्हा सांगण्याची लेखकाला गरज उरत नाही. मुलाने ते स्वतः शोधावयाचे असते. परिणामी वाक्ये लहान होतात, पण आशय उणावत नाही. ‘वाचू आनंदे’ या संकलनात त्यांनी मराठी साहित्यातील निवडक उतारे चित्रांसह मुलांपुढे ठेवले. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभला.

येथे चित्र हे मजकुराचे अलंकरण नसून मजकुराचा अर्धा भाग आहे. लेखक व चित्रकार एकच असला पाहिजे, असा याचा अर्थ नव्हे. दोघांनी पुस्तकाची कल्पना प्रारंभापासून एकत्र करावी, एवढाच त्याचा बोध आहे.

समारोप

ठशांचा काळ आता संपला आहे. २०१५ मध्ये ‘प्रथम बुक्स’ने सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मुक्त संकेतस्थळावर चित्रकथा अनेक भाषांत विनामूल्य उपलब्ध आहेत. खर्चाचा अडसर सैल झाला, परंतु एकच चित्र सर्वांना देण्याची सोय अधिकच सुलभ झाली. त्यामुळे जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. पनवेल तालुक्यातील ओवे गाव आज खारघरच्या नागरी वस्तीने वेढलेले आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडको’च्या नगररचनेत या पट्ट्यातील भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. येथील मुलाला आजोबांचे शेत आणि स्वतःची इमारत एकाच पानावर दाखविणारे पुस्तक कोण रचणार?

महाविद्यालयीन अध्यापकांना या बाबतीत दोन गोष्टी सहज करता येतील. ग्रंथालयीन नोंदीत लेखकाबरोबर चित्रकाराचे नाव आवर्जून लिहावे. आणि बालसाहित्याच्या अध्यापनात चित्राचे वाचन अंतर्भूत करावे. ज्याचे नाव नोंदले जात नाही, त्याच्या कार्याचा इतिहासही लिहिला जात नाही. आणि ज्या चित्रपरंपरेला इतिहास नाही, तिच्यात भर घालण्याची प्रेरणा नव्या चित्रकाराला कोठून मिळावी?