तांदळानं लिहिलेला चौक

वारली घराच्या भिंतीवर पांढरं जे दिसतं ते तांदळाचं पीठ. जव्हार, मोखाडा, डहाणूकडच्या पाड्यांत लग्न निघालं की कुडाची भिंत शेणानं सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा. मग तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे आणि टोक चेचलेल्या बांबूच्या काडीनं सुवासिनींनी चौक लिहायचा. मध्ये पालघट देवी, शेजारी लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं. लग्नं सुगीनंतरची, म्हणून घरातलं नवं भात भिंतीवरही चढे.

चौकाच्या आसपास आणि पुढे स्वतंत्र चित्रांत जे उमटलं ते सह्याद्रीच्या पश्चिम उताराचं शेतीचं वर्ष आहे. ओणव्या बायका आवण लावताहेत, खळ्यात बैल फिरताहेत, कुणी सुपानं भात वारवतंय. हे भात सहज येत नाही. उन्हाळ्यात शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा आणि वाळलं गवत जमिनीवर पसरून राब भाजायचा. पाऊस पडला की त्या राखेत बी टाकायचं, रोपं हाताएवढी झाली की उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावायच्या. सुगीच्या दिवसांत फुंकून वाजवतात तो तारपाही दुधी भोपळ्याचा. वाळवलेलं फळ, त्याला बांबू आणि ताडाचं पान.

पण पोट भरे ते बरंचसं नागलीवर, म्हणजे नाचणीवर. खाचर दरीतल्या सपाट तुकड्यात, आणि तिथलं भात कित्येकदा खंडापोटी जमीनदाराकडे जाई. डोंगरउतारावर मात्र नागली आणि वरई. नागली मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ मुलखातली, हजारो वर्षांपूर्वी इकडे येऊन रुजलेली. तिचं पीठ तांबूस, गेरूच्या भिंतीवर ते उठायचंच नाही. म्हणूनही कदाचित रोजच्या भाकरीचं धान्य या चित्रांचा रंग होऊ शकलं नाही. पिकांचं दप्तर म्हणून वारली चित्र वाचताना ही उणीव ध्यानात ठेवायलाच हवी.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद दिला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही कला जगभर गेली. तोवर बायकांच्या हातात असलेली काडी पुरुषांच्याही हाती आली. चित्राला मान मिळाला, मशे यांना 2011मध्ये पद्मश्री मिळाली, हे फार चांगलं झालं. पण कागदावर आणि कापडावर तांदळाची जागा पुष्कळदा बाजारच्या पांढऱ्या रंगानं घेतली, आणि पिकाशी असलेला थेट धागा तिथे तुटला.

ज्यांनी घरच्या तांदळाचा चौक लिहिला अशा म्हाताऱ्या बायका आणि धवलेरी पाड्यापाड्यांत अजून आहेत. पालघर-नाशिककडच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे बसून विचारावं: कुठलं वाण वाटलं होतं, ते कुठल्या खाचरात पिकायचं, आज कुणाकडे त्याचं बी आहे? आणि उत्तरं नावानिशी वहीत उतरवून ठेवावीत.