दुष्काळांतील मजुरीचें माप

पाऊस नाहीं म्हणून पीक नाहीं आणि पीक नाहीं म्हणून अन्न नाहीं, अशी दुष्काळाविषयीं आपली साधी समजूत असते. इतिहास पाहूं लागलें, कीं या साखळींतील शेवटची कडी कच्ची आहे हें ध्यानांत येतें. १८७६ सालीं दख्खनमध्यें पावसानें दगा दिला व ज्वारी-बाजरी जळाली. तथापि हिंदुस्थानांतून गव्हाची निर्गत त्या दुष्काळांतहि चालूंच होती, आणि आगगाडीनें दुष्काळी मुलुखांत धान्य येऊनहि पडत होतें. तें घ्यावयास कुणब्याच्या व मजुराच्या कनवटीला पैसा मात्र नव्हता.

सरकारनें दुष्काळी कामें काढलीं. पण मजुरी किती द्यावी? सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या जानेवारींत माप ठरविलें: पुरुषास रोज एक रत्तल धान्य येईल एवढे पैसे, व वर अर्धा आणा. एक रत्तल म्हणजे जेमतेम अर्धा शेर! दिवसभर खडी फोडणाऱ्याचें पोट एवढ्यावर भरत नाहीं, हें सांगावयास वस्तुतः वैद्य नको. तरी मद्रासकडील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं तें लेखी बजावलें. मुंबई इलाख्यांत तर मजूर हजारोंनीं कामें सोडून उठले. उपाशी माणसांनीं केलेला हा संप आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती मिळवून त्यांची बाजू सरकारपुढें मांडली.

पुढें स्ट्रॅची कमिशनचा अहवाल १८८० सालीं आला व १८८३ सालीं दुष्काळसंहिता तयार झाली. वेळींच कामें काढा, अपंगांस फुकट अन्न द्या, हें तिचें सार. मात्र दुष्काळ 'जाहीर' करणें सरकारच्याच मर्जीवर राहिलें. १९४३ सालीं बंगालमध्यें तो जाहीरच झाला नाहीं. युद्धामुळें भाताचे भाव भडकले. कलकत्त्यांतील कारखान्यांच्या कामगारांस स्वस्त धान्य पुरविलें गेलें, आणि खेड्यांतील मजूर, कोळी लाखोंनीं मेले.

१९७२ सालीं महाराष्ट्रांत पुन्हां अवर्षण पडलें. १९७३ च्या मे महिन्यांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें होतीं. रेशनवरची ती तांबडी मिलो ज्यांनीं खाल्ली ते तिची चव विसरलेले नाहींत. परंतु १८७७ सारखा संहार टळला. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापुरास जी रोजगाराची योजना करून पाहिली होती, तिचा १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. दुष्काळ जाहीर होवो न होवो, काम मागण्याचा हक्क मजुरास मिळाला. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता. तो त्या वेळीं निदान रोज एक रुपया होता, म्हणजे थोडकाच. आणि या खर्चासाठीं १९७५ पासून शहरांतील पगारदारांवर व्यवसायकर बसला. आपल्या पगाराच्या चिठ्ठींत जी ती लहानशी वजावट दिसते, तिचें मूळ या खडी फोडणाऱ्या हातांशीं आहे.