पहिली ऑर्डर

नोकरी लागली की नाही, हे आमच्या नांदेड-लातूरकडे "ऑर्डर निघाली का?" अशा शब्दांत विचारतात. नर्सिंग पास होऊन परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवलेल्या मुलीला हा प्रश्न रोज ऐकावा लागतो. गेली काही वर्षे मी या दोन जिल्ह्यांतल्या परिचारिकांच्या पहिल्या नेमणुकीचे कागद पाहत आलो आहे. मी कोणत्या विद्यापीठाचा संशोधक नाही. परिचारिका विश्वासाने ट्रंकेतून, फायलीतून कागद काढून दाखवतात आणि मी टिपणे घेतो. "मुली फार झाल्या, जागा कुठून आणणार?" असे सर्रास बोलले जाते. हे कागद मात्र वेगळी हकीकत सांगतात.

भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला, तेव्हा देशात सुमारे ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश मुलखात परिचारिकांची नोंदणी प्रांताप्रांताची होती. मुंबई प्रांताचा कायदा १९३५चा. देशभर शिक्षणाचे मान एक असावे म्हणून भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली झाला. मराठवाडा १९४८ साली भारतात, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. निरनिराळ्या भागांतले नोंदणीचे नियम एकत्र आणणारा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६चा. म्हणजे नोंदणीचा कागद एकसारखा व्हायलाच दोन दशके गेली.

मोठी रुग्णालयेही आमच्याकडे उशिरा आली. औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली, नांदेडचे १९८८ साली आणि लातूरचे २००२ साली निघाले. मधल्या काळात, १९६६ साली, डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केले. जागा निर्माण होत होत्या, पण मुली पुढे येत नव्हत्या. परक्याचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, पुरुषांच्या वॉर्डात वावरायचे. घरंदाज म्हणवणाऱ्यांना हे रुचत नव्हते. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवांना परिचर्येकडे वळवले, त्यालाही विरोध सोसावा लागला. आमच्याकडच्या वॉर्डांत म्हणूनच केरळच्या सिस्टर दिसत.

नांदेडच्या एका निवृत्त परिसेविकाबाईंनी आपली हकीकत सांगितली. सत्तरच्या दशकात त्या सरकारी शाळेत शिकल्या. विद्यावेतन मिळे आणि त्या बदल्यात काही वर्षे सरकारी सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागे. "निकाल लागला अन् ऑर्डर हातात. किनवटला जा म्हणले, गेले. नाही म्हणायची सोयच नव्हती," असे त्या म्हणाल्या. बंधपत्राने मुलगी बांधली जाई, तसे सरकारही. शिकवले तिला काम द्यायचे, हे त्यात गृहीत होते.

पुढे याच शब्दाचा अर्थ पालटला. अलीकडच्या कागदांवर 'बंधपत्रित अधिपरिचारिका' असा शिक्का दिसतो आणि त्याखाली तात्पुरती नेमणूक, मग तांत्रिक खंड, मग पुन्हा नेमणूक. बंधन मुलीवर राहिले, सरकारवरचे सैल झाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आले आणि अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर रूढ झाली. कोविडच्या काळात तर काही महिन्यांच्याच नेमणुका निघाल्या. लाट ओसरली आणि त्या संपल्या. मे २०२२मध्ये महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटनेने संप केला, तो परिचारिकांची पदे बाह्यस्रोतातून भरण्याच्या विरोधात.

सरकारी ऑर्डर निघेपर्यंत खासगी दवाखाना असतो. लातुरात भेटलेली एक तरुण परिचारिका म्हणाली, "सगळे अनुभव विचारतात. पहिला अनुभव द्यायचा कुणी, हे कुणीच सांगत नाही." शेवटी एका छोट्या दवाखान्यात ती लागली, पगार आकडा सांगायलाही संकोच वाटावा इतका. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये, आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनाइतके द्यावे, अशी शिफारस तिने केली. शिफारस कागदावर आहे. त्या मुलीने ती माझ्याकडूनच प्रथम ऐकली.

आता "मुली फार झाल्या" या बोलण्याकडे पाहू. परिचर्या परिषदेच्या मानाप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. तेवढी पदे आकृतिबंधात मंजूर आहेत का, मंजूर असतील तर भरली का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मुलींच्या संख्येशी दोहोंचाही संबंध नाही. ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली; त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मंजूर व रिक्त पदांचा हिशोब मागितला. ते मृत्यू कशाने झाले, हा निवाडा माझा नव्हे. पण न्यायालय रिक्त पदे मोजायला सांगत होते, त्याच वेळी त्याच जिल्ह्यात नोंदणी झालेल्या मुली ऑर्डरची वाट पाहत होत्या.

परिषदेच्या नोंदवहीत नाव चढले की मुलगी रुग्णाला हात लावण्यास पात्र ठरते. तिला वॉर्डात उभे करण्याची जबाबदारी कुणाची, हे बंधपत्राच्या जुन्या पद्धतीत लिहिलेले होते. नव्या ऑर्डरीत ते कलम सापडत नाही. ट्रंकेतले जुने कागद जपून ठेवायचे ते यासाठी. ज्यांच्या घरी आई-आजीची पहिली ऑर्डर असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये. सरकारवरही कधीकाळी बंधन होते, याचा पुरावा आमच्या भागात बहुधा तेवढाच उरला आहे.