दुखऱ्या गाठीचे रसायन

मान-खांदा महिनोन्‌महिने दुखतो, एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. मग 'मनाचे खेळ आहेत' हेही ऐकून घ्यावे लागते. बोटाला लागणारी ती दुखरी गाठ खरी की कल्पित, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे.

१९०४ साली लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात 'फायब्रोसायटिस', म्हणजे तंतुमय भागाचा दाह, हे नाव दिले. त्याच वर्षी राल्फ स्टॉकमन यांनी रुग्णांच्या गाठी काढून तपासल्या व दाह दिसल्याचे लिहिले. पुढच्या संशोधकांना तो सापडेना. नाव मात्र कित्येक दशके टिकले; वैद्यकात नावे पुराव्यापेक्षा दीर्घायुषी असतात.

मला जास्त मोलाचा वाटतो तो थॉमस लुइस यांचा १९३१चा प्रयोग. दंडाला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवायचा आणि मूठ आवळत-सोडत राहायचे. थोड्याच वेळात हात दुखू लागतो. मूठ थांबवली तरी पट्टा असेपर्यंत दुखणे हटत नाही. पट्टा सोडताच काही सेकंदांत जाते. म्हणजे स्नायूत काहीतरी साचते आणि रक्त ते वाहून नेते. त्याला लुइस यांनी 'फॅक्टर पी' म्हटले. ते नेमके काय, हे जिवंत माणसाच्या स्नायूत मोजणार कसे?

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ते मोजले. ॲक्युपंक्चरच्या सुईएवढी बारीक सुई, टोकाजवळ अर्धपार्य पडदा. आत द्रव सोडायचा. स्नायूतले रेणू पडद्यातून त्यात उतरतात, आणि तो द्रव बाहेर घेऊन तपासायचा. खांद्याच्या दुखऱ्या गाठीत आम्लता जास्त निघाली. ब्रॅडिकायनिन, सबस्टन्स पी, सिरोटोनिन हे वेदनेशी संबंधित पदार्थही वाढलेले. गाठ असून न दुखणाऱ्यांत आणि गाठच नसलेल्यांत तसे नव्हते.

माणसे किती? नऊ. प्रत्येक गटात तीन. एवढ्यावर सिद्धांत उभारू नये.

शिवाय २००८च्या पुढच्या अभ्यासात त्यांनी पोटरीही तपासली. खांदा दुखणाऱ्यांच्या न दुखणाऱ्या पोटरीतही यांपैकी काही पदार्थ इतरांपेक्षा जास्त होते. मग बिघाड गाठीत आहे, की सगळ्या शरीरात, आणि गाठ फक्त ओरडते?